कागदवालीच्या गाद्या

तिनं गाद्या उन्हात टाकल्या, एवढंच झालं होतं. दुसऱ्या कुणी टाकल्या असत्या तर चिमणीनंही मान वळवून पाहिलं नसतं. पण टाकल्या कागदवालीनं, आणि त्याही जमीन थरथरायला लागून आठवडा झालेला असताना.

कागदवाली हे तिचं गल्लीतलं नाव. गावाच्या टोकाला टेकडीवर भूकंप मोजायचं केंद्र होतं, तिथं ती सव्वीस वर्षं शिपाई होती. केंद्रात आता चार संगणक आले होते, तरी जुनं यंत्र तिथल्या प्रमुख मॅडमनी चालू ठेवलं होतं. एक आडवं पिंप हळूहळू फिरायचं, त्याच्यावर कागद गुंडाळलेला, आणि शाईचा टाक त्या कागदावर रात्रंदिवस रेघ ओढायचा. सकाळी आठ वाजता टाक उचलायचा, जोडावर पात्यानं कागद कापायचा, नवा चढवायचा, काढलेल्याच्या मागं तारीख-वेळ लिहायची, टाकाचं टोक फडक्यानं पुसून शाई भरायची. हे सगळं चार मिनिटांत. त्या चार मिनिटांत जमीन हलली तर ती तशीच बिननोंदीची हलून जाणार, म्हणून ती भराभर करायची. गल्लीच्या मते मात्र भूकंप तिला आधी भेटून मग बाकीच्यांकडे यायचा.

त्या आठवड्यात रोज दोन-तीन धक्के बसत होते. फार मोठे नाहीत. कपाटातल्या बश्या किणकिणायच्या, टांगलेला दिवा झुलायचा, कुणीतरी "आला, आला" म्हणून अंगणात पळायचं आणि मग हसत परत यायचं. रविवारी सकाळी कागदवालीनं वरच्या मजल्यावरच्या आपल्या खोलीतून दोन गाद्या, तीन उशा आणि एक गोधडी खाली आणून अंगणातल्या दोरीवर आणि बाकावर पसरली.

समोरची शिंपीणबाई खिडकीतून म्हणाली, "काय हो, बिछाना बाहेर?"

"असंच," कागदवाली म्हणाली.

आता खरं कारण होतं ढेकूण. केंद्रातली एक जुनी गुबगुबीत खुर्ची मोडीत निघाली ती तिनं हौसेनं घरी आणली, आणि खुर्चीबरोबर तिची प्रजाही आली. पण सव्वीस वर्षं जिच्या पांढऱ्याशुभ्र चादरींचा दाखला गल्लीतल्या सासवा सुनांना देत होत्या, ती भर अंगणात "ढेकूण झालेत" असं कशी म्हणणार? म्हणून ती "असंच" म्हणाली, आणि वर नजर चुकवली.

ती चुकवलेली नजर शिंपीणबाईनं बरोबर टिपली. दुपारपर्यंत तिचा बिछाना बाहेर आला. मग पाववाल्याचा आला. कुणी विचारलं तर उत्तर एकच, "कागदवालीनं काढलाय." संध्याकाळी पाच वाजता निम्मी गल्ली शाळेच्या मैदानावर सतरंज्या टाकत होती, आणि साडेपाचला आजवरचा सगळ्यांत जोराचा धक्का बसला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली. कुणी मेलं नाही, पण कागदवालीच्या इमारतीच्या समोरच्या, रस्त्याकडच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला. उरलेली निम्मी गल्लीही मैदानावर आली. येताना प्रत्येकजण तिच्याकडे असं बघून गेला, की जणू तिनंच त्यांना हाताला धरून बाहेर काढलं होतं.

"वाचवलंत हो," शिंपीणबाई म्हणाली आणि तिचे दोन्ही हात धरले. तेव्हा बोलायला हवं होतं. पण धरलेले हात सोडवून घेऊन "ते ढेकूण होते" म्हणायला जी हिंमत लागते, ती त्या क्षणी तिच्यापाशी नव्हती. आपल्या गाद्या तिनं दुसऱ्याच दिवशी चादरीत गुंडाळून मागच्या वाटेनं गादीवाल्याकडे पोचत्या केल्या.

मैदानावर नऊ दिवस गेले. तिसऱ्या दिवशी नगरपालिकेचा इंजिनियर येऊन गल्लीभर समोरच्या खोल्यांच्या तडा गेलेल्या भिंतींवर लाल खूण करून गेला आणि म्हणाला, त्या भिंतींपाशी राहू नका. कुठं राहायचं ते काही बोलला नाही. धक्के कमी झाले, मग बारीक झाले, मग दिवसाला एखादाच. आणि मोकळ्या जागेत मास्तर उभा राहिला.

मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेला गणिताचा मास्तर. गळ्याला मफलर, हातात चौकटीची वही. धक्क्यांच्या वेळा मांडून, त्यांच्यातली अंतरं काढून, त्यात चंद्र मिळवून त्यानं हिशेब केला होता, की मोठा भूकंप येत्या गुरुवारी दुपारी चारला. लबाड माणूस नव्हता तो. बायको गेल्यापासून त्याच्याशी कुणी फारसं बोलत नव्हतं, आणि आता शंभर माणसं त्याच्या वहीभोवती जमत होती. एकदा तो कागदवालीला गाठून हळूच म्हणाला, "तुमच्या कागदावर गुरुवारचं काही दिसतंय का?"

"मास्तर, कागदावर कालचंच दिसतं," ती म्हणाली.

मास्तरनं डोळे बारीक केले. "कळलं. बोलायची बंदी आहे तुम्हाला."

यापुढं काय बोलणार? मुकाट बसली तर गुपित, बोलली तर आडून सांगितलेलं गुपित. एकदा ती दुकानातून दोन पाव जास्त घेऊन आली, तर तासाभरात दुकानातले पाव संपले.

हे सगळं हसून सोडून देता आलं असतं. पण मैदानावरच्या एका तंबूत तिचा मेव्हणा होता.

तिची धाकटी बहीण आणि मेव्हणे त्याच इमारतीत तळमजल्यावर समोरच्या खोलीत राहायचे. मेव्हण्यांनी चाळीस वर्षं लाकडाच्या वखारीत करवत चालवली होती, आणि चाळीस वर्षांचा भुसा त्यांच्या छातीत बसला होता. घरात पांघरूण घेऊन, सकाळ-संध्याकाळ वाफ घेऊन त्यांचं ठीक चाललं होतं. मैदानावरच्या तंबूत पहाटेचं गार वारं खालून शिरायचं. पाचव्या दिवशी त्यांना ताप आला. नवव्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून ऐकलं आणि दोघी बहिणींना तंबूबाहेर बोलावलं.

"इस्पितळात जागा नाही, व्हरांड्यातसुद्धा खाटा लागल्यात," त्या म्हणाल्या. "औषध मी देते. पण यांना आजच्या आज भिंतींच्या आत न्या. आणखी दोन रात्री इथं काढल्या तर मला बोलावू नका, उपयोग व्हायचा नाही."

डॉक्टरीणबाई गेल्या. धाकटी तिथंच वाळूच्या ढिगावर बसली.

"ताई, आता तरी सांग."

"काय सांगू?"

"गुरुवारी येणार का नाही? घरी नेऊ का नको? एवढंच सांग. मी कुणाला बोलणार नाही, तुझी नोकरी जाणार नाही."

"मला माहीत नाही गं."

"गाद्या काढल्यास तेव्हा बरं माहीत होतं!" धाकटीचा आवाज चढला. "गल्लीला सांगायला तोंड आहे, आणि पाठच्या बहिणीला सांगताना जीभ टाळ्याला चिकटते. आत नेलं आणि भिंत पडली तर मी मारला नवरा. बाहेर ठेवला आणि छाती भरली तरी मीच मारला. तू फक्त मान हलव. हो तर हो, नाही तर नाही."

तंबूतून खोकल्याची उबळ ऐकू आली, आणि उबळ संपल्यावर मेव्हण्यांचा घोगरा आवाज. "भांडा, भांडा. मला ऊब येतेय."

कागदवालीनं धाकटीचा दंड धरला. "ऊठ. चल माझ्याबरोबर."

"कुठं?"

"तुला बघायचंय ना मला काय दिसतं ते? चल, दाखवते."

शिंपीणबाईला मेव्हण्यांपाशी बसवून दोघी टेकडी चढल्या. मॅडम खिडकीपाशी संगणकावर होत्या. वयानं कागदवालीच्या मुलीएवढ्या, नऊ दिवसांत डोळ्यांखाली काळं झालेलं.

"मॅडम, हिला जुने कागद दाखवू?"

"दाखवा की. त्यात लपवायचं काय आहे?"

आतल्या खोलीत भिंतभर कपाटं होती आणि कपाटात सालाप्रमाणे लावलेल्या गुंडाळ्या. कागदवालीनं न शोधता पाच गुंडाळ्या काढल्या, कागद टेबलावर पसरले आणि टोकांना शाईच्या बाटल्या ठेवल्या.

"हे बघ. ही सरळ रेघ म्हणजे जमीन गप्प आहे. हे असं फुगून ओसरलेलं दिसतं तो रस्त्यावरचा ट्रक. आणि हे एकदम उसळून मग शेपटासारखं बारीक होत गेलंय, तो धक्का. कळलं? आता ऐक. यातला एक कागद अकरा वर्षांपूर्वीचा आहे. नदीपलीकडची वस्ती ज्या दिवशी भूकंपात बसली, त्या दिवशी सकाळी काढलेला. त्याच्या आदल्या चोवीस तासांचा. ओळख कुठला ते."

धाकटीनं पदराला हात पुसले, जणू परीक्षेला बसली होती. ती एकेका कागदावर वाकली. दोन कागदांवर उसळ्याच उसळ्या होत्या, एकावर तर इतक्या, की शाई एकमेकींत मिसळून काळा पट्टा झाला होता. तिनं त्याच्यावर बोट ठेवलं.

"हा. हा तर ओरडतोय."

"तो तू लग्न होऊन आलीस त्या वर्षीचा. तीन आठवडे असंच चाललं होतं. आठवतं? मग थांबलं. पुढं काही झालं नाही."

"मग हा."

"तो सहा वर्षांपूर्वीचा. त्याच्याही पुढं काही नाही."

धाकटीनं तिसरा दाखवला, मग चौथा. कागदवाली नाही म्हणून मान हलवत राहिली. उरला पाचवा. त्याच्यावर सरळ रेघा होत्या. चोवीस तासांच्या चोवीस रेघा, आखीव वहीसारख्या. फक्त मधे दोन ठिकाणी टाक जरासा थरथरला होता.

"हा?" धाकटी म्हणाली. "यात तर काहीच नाही."

"हाच. मीच काढला सकाळी आठला. मागं तारीख लिहिली, गुंडाळला, ठेवला, चहा टाकला. सव्वा अकराला वस्ती बसली. सव्वातीन तास आधी हा माझ्या हातात होता गं." कागदवालीनं त्या दोन थरथरींवर बोट फिरवलं. "पुढं दोन वर्षं मी रोज हा काढून बघायचे. मॅडमच्या आधीचे साहेब होते, त्यांचं भिंग घेऊन बघायचे. वाटायचं, मला नीट बघता आलं असतं तर. या दोन खुणा म्हणजे काय, सांग? साहेब म्हणाले, असतील दोन बारके धक्के, नाहीतर असतील दोन ट्रक."

मॅडम दारात येऊन उभ्या होत्या. "कधीकधी मोठ्याच्या आधी बारके येतात," त्या म्हणाल्या. "हे खोटं नाही. म्हणून बारके आले की आम्ही जागे राहतो, आणि त्या दिवसांत धोका रोजच्यापेक्षा थोडा जास्तच धरायचा. पण बहुतेक वेळा बारके येतात आणि बारकेच राहतात. कुठले कशाच्या आधीचे, ते मोठा आला तर मागाहून ठरतं. न आला तर ते नुसतेच धक्के. तारीख आणि वेळ कुणी सांगत असेल, तर त्यानं ती कुठून आणली ते मला माहीत नाही."

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही," धाकटी म्हणाली.

"नाही."

धाकटी बहिणीकडे वळली. "मग गाद्या का काढल्यास?"

कागदवालीनं मॅडमकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं. "ढेकूण झाले होते."

"काय?"

"ढेकूण. त्या खुर्चीतून आले."

धाकटीचं तोंड उघडं राहिलं. "ढेकणांपायी माझा नवरा नऊ दिवस तंबूत?"

"भिंतीला तडा गेला तो काही ढेकणांनी नाही पाडला. तशीही तू बाहेर येणारच होतीस."

"पण मी दर दिवशी तुझं तोंड बघत होते गं! सकाळी उठून आधी तुझं तोंड. ताई चहा शांतपणे पितेय का, ताई आभाळाकडे का बघतेय. स्वतः काही विचारच केला नाही मी." ती रडायला लागली, आणि रडतानाच तिला हसूही फुटलं, आणि दोन्हीही आवरेना. मॅडमनी पाणी आणून दिलं.

उतरताना धाकटी पुढं चालत होती. अर्ध्या वाटेवर थांबून म्हणाली, "बरं, येणार का नाही ते सोड. आला तर आमच्या खोलीत काय पडेल?"

"समोरची भिंत. आणि तिच्याबरोबर माझी खोली तुमच्या डोक्यावर."

"मागं काय पडेल?"

कागदवालीला आधी समजलंच नाही. मागं अंगणापलीकडे मेव्हण्यांची जुनी शेड होती. लाकडी खांब, फळ्यांच्या भिंती, वर पत्रा. वखारीतून आल्यावर तिथं ते खिडक्या-दारं बनवायचे. छातीचा आजार कळला त्या दिवशी धाकटीनं तिला कुलूप घातलं आणि किल्ली विहिरीत टाकायला निघाली होती. भुशाचं नाव काढलं तरी ती अंगावर यायची. इमारत सोडून इतरत्र सगळीकडे जागा शोधून झाली होती, पण शेडचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

"मागं पत्रा पडेल," कागदवाली म्हणाली. "फार तर टेंगूळ येईल."

मंगळवारची संध्याकाळ आणि बुधवारची सकाळ दोघींनी शेड उपसली. आढ्यावर रचलेल्या जाड फळ्या एकेक करून खाली घेतल्या, कारण पत्रा हलका असला तरी त्या हलक्या नव्हत्या. अवजारांचं वजनदार कपाट दोरीनं ओढत अंगणात आणलं. मग भुसा. झाडला तर उडणार, म्हणून सगळीकडे पाणी मारून ओल्या पोत्यानं पुसून काढला, तीन वेळा. धाकटी गुडघ्यांवर बसून फळ्यांच्या फटींतला भुसा सुईनं काढत होती आणि पुटपुटत होती, "चाळीस वर्षं नवऱ्याला खाल्लंस, आता सांभाळ त्याला." फटींत चिंध्या कोंबल्या. दार बिजागरीतून काढून त्याजागी जाड चादर टांगली. हललं तर दार अडकायला नको. दुपारी चौघांनी खाट उचलून मेव्हण्यांना आणलं. त्यांनी आढ्याकडे पाहिलं, खांबावर हात फिरवला.

"खुंट्या मी ठोकल्यात," ते म्हणाले. "हा उभा राहील. माझा भरवसा नाही."

"गप्प पडा," धाकटी म्हणाली.

इथं खरी पंचाईत झाली. तासाभरात शिंपीणबाई तंबू गुंडाळताना दिसली. पाववाल्यानं भांडी डोक्यावर घेतली होती. कागदवालीनं विचारलं, तर तो खुशीत म्हणाला, "कळलं आम्हाला. मेव्हण्याला आत घेतलंत! म्हणजे टळलं." लाल खूण केलेल्या दारांची कुलपं निघत होती. म्हातारी माणसं, तान्ही मुलं, त्याच तडा गेलेल्या भिंतींच्या आत चालली होती, आणि चालली होती तिनं हलवलेल्या त्या खाटेमागून.

ती धावत मैदानावर गेली. मास्तर बाकावर उभा राहून लोकांना थांबवत होता, "गुरुवार जाऊ द्या, गुरुवार!" तिनं त्याला हाताला धरून खाली उतरवलं आणि स्वतः वर चढली. साठीची बाई बाकावर चढलेली बघून लोक आपसूक थांबले.

"मला ढेकूण झाले होते," ती म्हणाली.

कुणाला काही कळलं नाही.

"त्या रविवारी गाद्या काढल्या त्या ढेकणांसाठी. धक्का येणार हे मला माहीत नव्हतं. आजही माहीत नाही. उद्याचं, परवाचं, मला काही माहीत नाही. मेव्हण्यांना आत घेतलं ते टळलं म्हणून नाही. शेड हलकी आहे म्हणून."

मागून एक आवाज आला, "सरकारी माणूस खरं थोडंच बोलणार!"

"वरून दाब आला असेल."

"ढेकूण म्हणे! हिच्या घरात? अहो, हिच्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा तर आपण पाय धुतो!"

सव्वीस वर्षांची अब्रू कागदवालीनं आपल्या हातानं चव्हाट्यावर मांडली, आणि ती कुणी उचलायलाही तयार नव्हतं. तेवढ्यात गर्दीतून गादीवाला पुढं आला. धंद्याला जागणारा माणूस, कुणाच्या गादीतलं कधी कुणाला न सांगणारा. त्यानं टोपी काढली, घसा खाकरला.

"बाई बोलल्या म्हणून मी बोलतो," तो म्हणाला. "गाद्या माझ्याकडे आहेत. उसवल्यात. ढेकूण आहेत." जरा थांबून त्यानं भर घातली, "तीस वर्षांच्या धंद्यात एवढे बघितले नव्हते."

आधी शिंपीणबाईला हसू फुटलं. मग पाववाला डोक्यावरची भांडी खाली ठेवून हसायला लागला, आणि मग ते हसणं मैदानभर पसरलं. दहा दिवसांत लोक असे हसले नव्हते. कागदवालीचे कान लाल झाले, पण ती बाकावरून उतरली नाही. हसणं ओसरेपर्यंत उभी राहिली.

"आता हसून झालं असेल तर ऐका. माझ्याकडे बघून आत-बाहेर करू नका. आपापल्या घरी जा आणि डोक्यावर काय आहे ते बघा. लाल खूण असेल तिथं पाऊल टाकू नका, भूकंप येवो न येवो. मागच्या खोल्या, पत्र्याच्या पडव्या, जिथं पडलं तर टेंगूळ येईल अशी जागा धरा. खाट कपाटापासून लांब. माळ्यावरचं जड सामान खाली. एवढंच मला कळतं, आणि हे मला काल धाकटीनं शिकवलं."

"आणि गुरुवार?" मास्तर खालून म्हणाला. त्याच्या आवाजात भांडण नव्हतं, नुसती भीती होती, की आता वहीभोवती कुणी यायचं नाही.

"गुरुवारी चारला तुम्ही माळ्यावरचं सामान उतरवायला या, मास्तर. उंच आहात."

लोक पांगले. सगळ्यांनी ऐकलं असं नाही. काही जण हट्टानं लाल खुणेच्या आत गेले, बरेच जण गुरुवार उलटेपर्यंत मैदानावरच राहिले. पण संध्याकाळी गल्लीतून कपाटं सरकवल्याचे आवाज येत होते.

गुरुवारी मेव्हण्यांचा ताप उतरला नव्हता. धाकटी सकाळपासून शेडबाहेरच्या चुलीवर पाणी तापवत होती. भांडं चादरीच्या आत द्यायची आणि मागं सरायची. टेकडीवर सगळं कळलं होतं तिला, शेडही तिनंच सुचवली होती, पण तीन वाजले तसे तिचे पाय उंबऱ्याशी अडायला लागले. कागदवाली आत खाटेपाशी होती. पावणेचारला मैदानावरून गलका येऊ लागला, लोक मोठ्यानं मिनिटं मोजत होते. आणि तेव्हाच मेव्हण्यांना उबळ आली, नेहमीची नव्हे. श्वास आत जाईना, ओठ निळसर झाले, त्यांनी हवेत हात मारला.

"धाकटे!" कागदवाली ओरडली.

धाकटी चादर बाजूला सारून आत आली. तिनं नवऱ्याला पाठीमागून उठवून छातीशी धरलं, तोंडापुढं वाफेचं भांडं, वरून टॉवेल. "हळू. हळू घ्या. घाई कसली आहे? घ्या. आता सोडा." कागदवाली पाठीवर थापट्या मारत होती. भांडं गार झालं की दुसरं, ते गार झालं की तिसरं. किती वेळ गेला ते दोघींनाही कळलं नाही. शेवटी मोठा बेडका सुटला आणि श्वास शिट्टीसारखा, पण आत जायला लागला. ओठांचा रंग परतला.

बाहेरचा गलका केव्हाच थांबला होता. अंगणातून दोघं बोलत गेले, पावणेपाच वाजले म्हणत होते.

मेव्हण्यांनी डोळे उघडले. "चार वाजले का?"

"वाजून गेले," कागदवाली म्हणाली.

"मग मी कुठं होतो?"

"तुम्ही इथंच होतात, बडबड करू नका," धाकटी म्हणाली. तिनं त्यांना उशीला टेकवलं, पांघरूण खोचलं आणि आपण कुठं आहोत हे आत्ता लक्षात आल्यासारखी वर पत्र्याकडे पाहत राहिली. मग खाटेच्या पायाशी ओल्या फळ्यांवर बसली.

"ताई, तू आहेस ना इथं?"

"आहे."

"मग मी जरा पडते. भांडं तासाभरानं दे त्यांना. ते नको म्हणतील, ऐकू नकोस." एवढं बोलून ती आडवी झाली आणि दंडावर डोकं टेकताच झोपली. अकरा दिवसांत ती अशी झोपली नव्हती.

उन्हं कलली. कागदवाली भांडं भरायला उठणार, तोच पायाखाली बारीक थरथर आली. पत्रा वाजला, खुंटीवरचा करवतीचा दांडा भिंतीवर टकटकला. तिनं धाकटीच्या खांद्याकडे हात नेला. मेव्हण्यांनी खांबाकडे पाहिलं, पत्र्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि नको म्हणून मान हलवली.

तिनं हात तसाच धरला. दोघं ऐकत राहिले. थरथर वाढली नाही आणि थांबलीही नाही, जराशी रेंगाळली, आणि मग दांडा गप्प झाला. धाकटीनं झोपेतच कूस बदलली.

"झोपू दे तिला," मेव्हणे म्हणाले.

कागदवालीनं भांडं उचललं आणि पाणी तापवायला बाहेर गेली.